सायलेन्सर कापून दाखवणाऱ्यांनो, पुढचं पण दाखवा की

डोकं फिरलंय आज. पिकअपचा आवाज जरा खर्जातला, भरीव व्हावा एवढीच इच्छा होती, कानठळ्या बसवायच्या नव्हत्या कोणाच्या. आणि त्यासाठी जो व्हिडिओ उघडावा त्यात तेच, ग्राइंडर घेतला, सायलेन्सरच्या पुढून-मागून पाईप कापला, मधे नवीन सायलेन्सर घुसवला, वेल्डिंगचे चार टाके मारले, चावी फिरवली, घुर्रर्र, संपला व्हिडिओ, वरून "कोणीही घरी करू शकतं". कोणीही म्हणजे कोण? ज्याच्याकडे लिफ्ट आहे, गंजाचा ठिपका नसलेली कोरी गाडी आहे आणि वेल्डिंगचा हात बसलेला आहे तो. बाकीच्यांनी काय करायचं ते कोणी सांगतच नाही.

बोल्टपासूनच सुरू करतो. काही वर्षं चाललेल्या गाडीच्या फ्लँजचे, म्हणजे दोन पाईप जिथे जोडतात त्या चकत्यांचे बोल्ट कधी बघितलेत का या लोकांनी? रोज तापायचं, रोज गार व्हायचं, खालून पाणी-चिखल उडणार, नट आणि बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात, नटाचे कोपरे झिजून गोल, त्यावर पाना धरतच नाही. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी पाठीवर झोपून, गंजाचे पापुद्रे चष्म्यावर पडतायत, लांब दांड्याने जोर लावला, कट्ट आवाज आला आणि पाना फिरला, वाटलं सुटला. सुटला नव्हता, तुटला होता. अर्धा बोल्ट फ्लँजमधेच, लोखंडाच्या पातळीत, धरायला काही शिल्लक नाही. मग पंच मारून मध्य काढा, बारीक ड्रिल, मग जाड ड्रिल, तेही उताणं झोपून हात वर करून. तापवून काढावा तर बाजूनेच ब्रेकची नळी आणि पेट्रोलची लाईन गेलेली, तिथे ज्योत न्यायची म्हणजे जिवाशी खेळ. या कामाला अख्खा दिवस जातो आणि व्हिडिओमधे नेमका हाच भाग कापलेला, एका फ्रेममधे जुना सायलेन्सर वर लटकतोय आणि पुढच्या फ्रेममधे खाली जमिनीवर. राग येणार नाही तर काय!

बरं, पुढे. गाडी चासीखाली स्टँड लावून उचलली की मागचा एक्सल खाली लोंबतो, स्प्रिंगचे पाटे सैल पडतात. अशा अवस्थेत एक्सलच्या वरून जाणाऱ्या पाईपला भरपूर जागा दिसते आणि माणूस खुशाल टाके मारून मोकळा होतो. गाडी चाकांवर आली, हौद्यात माल पडला, की तोच एक्सल वर येतो आणि प्रत्येक खड्ड्याला ठण्ण करून पाईपवर आपटतो. मोजमाप घ्यायचं तर गाडीचं वजन चाकांवर असताना घ्यायचं, नाहीतर एक्सलखालीच स्टँड लावायचे. एक वाक्य आहे हो, सांगायला पाच सेकंद लागतात. पण नाही सांगणार.

आणि ते पाईप टांगायचे रबराचे हँगर काढून पाईप थेट चासीला वेल्ड करणारे तर वेगळेच. तीन मीटर लोखंडी पाईप तीनशे डिग्रीने तापला की एक सेंटिमीटरहून जास्त लांब होतो, स्टेनलेस 304 असेल तर दीड सेंटिमीटर. तो कुठे जाणार? रबर काय शोभेला दिलंय का कंपनीने? इंजिन रबरावर हलतं, पाईप तापून वाढतो, म्हणून सगळं लटकतं ठेवलेलं असतं. घट्ट बांधलं की टाका तरी तडकतो, नाहीतर मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या पहिल्या भागाला, चीर जाते, आणि ओरडायचं मात्र वेल्डिंगवाल्याच्या नावाने.

बॅटरीचा वेल्डिंगशी काय संबंध म्हणून विचारणारे पण भेटलेत. अरे बाबा, टर्मिनल काढल्याशिवाय गाडीवर वेल्डिंगचा करंट सोडला तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि अल्टरनेटर जायची भीती असते. पाईपची भिंत असते दीड मिलिमीटरच्या आसपास, करंट जरा जास्त झाला की भोक. त्यात कोणी जस्ताचा मुलामा दिलेला पाईप वापरायचा सल्ला देतं, गंजत नाही म्हणून. त्या मुलाम्यावर वेल्डिंग केलं की जो पांढरा धूर निघतो त्याने थंडी वाजून ताप भरतो माणसाला. हे सल्ला देणाऱ्याला माहीत नसतं असं मला वाटत नाही, त्याला पर्वा नाहीये.

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? केबिनच्या मागे, हौद्याखालीच पाईप संपवून टाकतात त्याचा. "शेवटपर्यंत पाईप न्यायची गरज नाही, आवाज अजून भारी येतो." गाडी उभी असताना, ट्रॅफिकमधे, तो धूर हौद्याखाली साठतो आणि मागच्या काचेच्या फटीतून, फ्लोअरच्या बुचांमधून केबिनमधे येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोकं जड होतं आणि आपल्याला वाटतं प्रवासाचा थकवा आलाय. मागच्या सीटवर पोरं झोपलेली असतात लोकांची! आवाजासाठी एवढं? पाईप हौद्याच्या कडेच्या बाहेर काढायलाच पाहिजे, यात चर्चा नाही.

आता आवाजाचं. मी पहिल्यांदा बसवला तो सरळ आरपारचा सायलेन्सर, कारण जो तो हेच सांगत होता. आत भोकं पाडलेली नळी, भोवती काचलोकर भरलेली, वायू सरळ जातो. गाडी उभी असताना झकास आवाज. हायवेला लागलो, 2000 आरपीएमला गाडी स्थिर झाली आणि केबिनमधे जे घूंऽऽ सुरू झालं ते थांबेचना, कानात बोटं घातल्यावर पण छातीत ऐकू येत होतं. याचं गणित साधं आहे. चार सिलेंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं, म्हणजे 2000 आरपीएमला सेकंदाला जवळपास 67 धक्के. काचलोकर वरच्या पट्टीचा कर्कशपणा शोषून घेते, 67 हर्ट्झचा खर्ज तिच्या आवाक्याबाहेरचा. त्यात केबिन म्हणजे बंद पेटी, ती त्या सुरात घुमायला लागते.

आणि हे व्हिडिओत ऐकू का येत नाही? कारण मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून 67 हर्ट्झ धड निघतच नाही! वर व्हिडिओ काढायचा तो गाडीच्या मागे उभं राहून, थंड इंजिन चालू करताना, जेव्हा आरपीएम वर असतो आणि कुठलंही इंजिन दमदार वाटतं. काच बंद करून, एका वेगात, अर्धा तास केबिनमधे बसून केलेलं रेकॉर्डिंग दाखवा एक तरी. कोणी नाही दाखवत.

यावर इलाज आहे, खरा इलाज. मूळ पाईपला बाजूने एक नळी जोडायची, टोक बंद, तिची लांबी त्या लहरीच्या पाव लांबीएवढी. लहर आत जाते, टोकावरून परत येते ती अर्ध्या लहरीने मागे पडून आणि मूळ आवाजाला कापते. गरम वायूत आवाजाचा वेग धरा सेकंदाला 480 मीटर, 67 ने भागा, चारने भागा, आलं साधारण पावणेदोन मीटर. व्ही-एटला, म्हणजे आठ सिलेंडरच्या इंजिनाला, तेच नव्वद सेंटिमीटरमधे भागतं, कारण तिथे धक्के दुप्पट. माझ्या गाडीखाली पावणेदोन मीटरची जास्तीची नळी ठेवू कुठे? एका बाजूला टाकी, दुसऱ्या बाजूला प्रोपेलर शाफ्ट, मागे स्टेपनी टांगलेली. तरी मी जागा शोधतोय, वळवून बसेल. पण हे आधी कोणी सांगितलं असतं तर पाईपची आखणीच वेगळी केली असती ना.

ते "चार सिलेंडरला व्ही-एटचा आवाज" म्हणणारे तर सरळ सरळ फसवतात. तो गडगड आवाज पाईपमधून येत नाही, क्रँकमधून, म्हणजे पिस्टन जो दांडा फिरवतात त्यातून येतो. क्रॉस-प्लेन क्रँकच्या, म्हणजे ज्याचे बाक एकमेकांशी काटकोनात असतात त्या, व्ही-एटमधे एका बाजूचे चार सिलेंडर सारख्या अंतराने पेटत नाहीत, 90, 180, 270, 180 डिग्री असं कमी-जास्त होतं, ती लय म्हणजे तो आवाज. चार सिलेंडर दर 180 डिग्रीला पेटणार, ठरलेलं आहे. त्यातून रेझोनेटर, म्हणजे आवाजातला कर्कशपणा मारणारं जास्तीचं नळकांडं, कापून टाकला तर खिळे भरलेला पत्र्याचा डबा हलवल्यासारखी खडखड येते, बाकी काही नाही. आणि "इंजिनला बॅक प्रेशर (पाईपमधला उलटा दाब) लागतंच" म्हणणाऱ्यांनी पण जरा थांबा, इंजिनला दाब नको असतो, वायूचा वेग हवा असतो. पाईप फार जाड टाकला की वेग पडतो आणि खालच्या आरपीएमची ओढ जाते, त्यालाच हे लोक बॅक प्रेशर म्हणत बसतात.

तर आता कप्प्यांचा सायलेन्सर मागवला, ज्यात लहरी आतल्या पडद्यांवर आपटून एकमेकींना मारतात. मागवायच्या आधी लेखी विचारलं होतं, माझ्या पाईपचा बाहेरचा व्यास 60 मिलिमीटर आहे, तुमचा "अडीच इंच" म्हणजे तोंडाचा आतला व्यास की बाहेरचा? उत्तर आलं, "तुमच्या मॉडेलला डायरेक्ट फिट आहे सर." आला तेव्हा कॅलिपर लावला, आतून 63.5. साडेतीन मिलिमीटरचा खेळ! तक्रार केली तर म्हणतात क्लॅम्प आवळा आणि पेस्ट भरा. यू-क्लॅम्प एवढा आवळला की पाईप चेपतो, आत खाच पडते, पुढे कधी तो जोड सुटत नाही, आणि पेस्ट तापून-गार होऊन चिरते, मग फुसफुस सुरू. पाईपचं माप बाहेरून आणि सायलेन्सरच्या तोंडाचं आतून सांगायची पद्धत या धंद्यातल्या प्रत्येकाला माहितीये, तरी जाहिरातीत नुसतं "अडीच इंच" लिहून मोकळे होतात. परत घ्यायला पण तयार नाहीत, म्हणे पाकीट उघडलंय. पाकीट न उघडता तोंड मोजू कसं, सांगा ना! आता लेथवर 60 वरून 63.5 करणारी बाही करून घेतोय, त्याचे पैसे वेगळे, वेळ वेगळा. आणि विक्रेत्याला तो लेखी प्रश्न त्याच्याच उत्तरासकट रोज परत पाठवतोय, पैसे परत मिळेपर्यंत पाठवत राहणार.