उन्हाळ्यातली चिडचिड आणि दुपारचा स्वयंपाक

१९ एप्रिलची दुपार होती, तीन वाजायला आले होते. मार्चच्या जीएसटी विवरणपत्राची, म्हणजे आम्ही ज्याला नुसते थ्री-बी म्हणतो त्याची, मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि माझ्याकडे अजून अकरा ग्राहकांचे काम बाकी होते. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या घराचा हा सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. कूलरमधले पाणी संपून मोटार नुसतीच घरघरत होती आणि थोरली कन्या तिसऱ्यांदा येऊन विचारत होती, "आई, आता काय करू?" मी तिच्यावर अशी ओरडले की शेजारच्या काकूंनी गॅलरीतून डोकावून पाहिले. त्यानंतर अर्ध्या तासात मी एका ग्राहकाच्या इनपुट क्रेडिटच्या, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराच्या वजावटीच्या, रकान्यात ४३ हजारांऐवजी ३४ हजार भरले आणि विवरणपत्र दाखल करून टाकले. थ्री-बी एकदा दाखल झाले की त्यात दुरुस्ती करता येत नाही. उरलेले क्रेडिट पुढच्या महिन्यात घेता येते, पण तोपर्यंत त्या माणसाच्या खिशातून नऊ हजार रुपये जादा गेले ते गेलेच. त्याने मोठ्या मनाने "असू दे ताई, होतंय" म्हटले. मुलीने मात्र संध्याकाळपर्यंत माझ्याशी अवाक्षर काढले नाही.

हे सगळे लिहिण्याचे कारण असे की त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर उन्हाळ्यात मन प्रसन्न कसे ठेवावे याचे निदान चार संदेश मला आले. दीर्घ श्वास घ्या, दहा मिनिटे ध्यान करा, स्वतःसाठी वेळ काढा. मी या गोष्टींची थट्टा करत नाही, ज्यांना जमते त्यांनी जरूर कराव्यात. परंतु घरातून काम करणाऱ्या आणि घरही चालवणाऱ्या बाईची उन्हाळ्यातली चिडचिड हा तिच्या स्वभावाचा किंवा मनाच्या दुबळेपणाचा प्रश्न आहे, असे या संदेशांत गृहीत धरलेले असते आणि मला ते मान्य नाही. माझ्या मते तो बऱ्याच अंशी वेळापत्रकाचा प्रश्न आहे, आणि त्यातही दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळेचा.

आधी आमच्या गावच्या उन्हाविषयी थोडे लिहिते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, सह्याद्री हाकेच्या अंतरावर आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत वळीव येऊन जातो, त्यामुळे आपल्याकडे फार उन्हाळा नसतो अशी आपली एक समजूत आहे. नागपूरला दिलेली माझी नणंद फोनवर "अडतीस अंशांना काय रडताय, इथे पंचेचाळीस आहे" असे म्हणून हसते. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणेही मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंशांपर्यंत गेल्याशिवाय उष्णतेची लाट धरत नाहीत, म्हणजे कागदोपत्री आमच्या बहुतेक उन्हाळ्यांत लाट नसतेच. पण हे तापमान मोकळ्या हवेत, सावलीत, झडपांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असते. दुपारी साडेबारा वाजता दोन शेगड्या पेटलेल्या असताना माझ्या स्वयंपाकघरात किती अंश असतात, हे कोणतेही खाते मोजत नाही.

त्यात आमचे वेळापत्रक असे की ऊन शरीरात चहूबाजूंनी शिरावे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते रात्री आत सोडतो, त्यामुळे बाहेर रंकाळा तलावावरून गार वारा सुटलेला असतानाही वरच्या मजल्यावरचे घर अकरा-बारापर्यंत भट्टीसारखे राहते. गाढ झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. खोलीच तापलेली असेल तर ते उतरत नाही आणि माणूस कुशी बदलत राहतो. सकाळी उठल्यावर डोके जड, त्यात कामाच्या नादात पाणी प्यायचे राहून जाते. शरीरातले पाणी थोडेसे जरी कमी झाले तरी लक्ष लागत नाही आणि वैताग येतो, हे आता बऱ्याच अभ्यासांत दिसून आले आहे. कूलरचा उपयोग हवा कोरडी असेपर्यंतच होतो. एकदा दोन वळीव पडून हवेत दमटपणा आला की कूलर खोलीत आणखी ओल भरतो, घाम वाळत नाही आणि अंग चिकट होते. एवढे सगळे झाल्यावर मुलीच्या साध्या प्रश्नाचा राग आला, तर ध्यान न केल्यामुळे आला असे म्हणणे हा माझ्यावर अन्याय आहे.

आता स्वयंपाकघराकडे येते. माझे बरेचसे ग्राहक शिवाजी उद्यमनगरातले आणि गोकुळ शिरगावचे छोटे कारखानदार आहेत, त्यांतले दोघे फौंड्रीवाले. एकदा कागद घ्यायला गेले असताना ओतकाम चालू होते. सुमारे चौदाशे अंशांचा लोखंडाचा रस साच्यात पडताना पाहणे हा अनुभव अंगावर काटा आणणारा आहे, परंतु माझ्या लक्षात राहिले ते वेगळेच. भट्टीजवळच्या माणसांसाठी भलामोठा पंखा लावलेला होता, ठरावीक वेळाने ती माणसे आलटून पालटून बाजूला येत होती आणि कोपऱ्यात ताकाचे पिंप भरून ठेवले होते. मालक म्हणाले, "ताई, उन्हाळ्यात भट्टीफुडच्या माणसाला जपाय लागतंय, न्हाईतर माल बिघडतोय." घरी परत येताना मी विचार करत होते की हे शहाणपण आपल्या घरात कोणाला कसे सुचले नाही. स्वयंपाकघरात पंखा नाही, कारण पंख्याने गॅसची ज्योत हलते. धूर काढणारा पंखा होता, तो काही वर्षांपूर्वी बंद पडला आणि त्या भोकावर पुठ्ठा लावलेला आहे. आलटून पालटून बाजूला येण्याचा तर प्रश्नच नाही, कारण पालटायला दुसरे कोणी उभेच नसते. केरळचे कामगार खाते उन्हाळ्यात उघड्यावर काम करणाऱ्या कामगारांना दुपारी १२ ते ३ सक्तीची विश्रांती देण्याचा आदेश काढते. उत्तम आदेश आहे. नेमक्या त्याच वेळी महाराष्ट्रातल्या घराघरांत तव्यावर भाकरी फुगत असते.

उन्हाळ्यातले काम कमी तरी असते का? मार्चअखेरचा हिशेब, ३० एप्रिलपर्यंत मार्चच्या टीडीएसचा भरणा, ३१ मेपर्यंत त्याच्या तिमाहीचे विवरणपत्र, अशी माझी नोकरीबाहेरची नोकरी ऐन उन्हाळ्यातच जोरात असते. नेमक्या याच दिवसांत घरात चैत्रगौरीचे हळदीकुंकू, जोतिबाच्या चैत्र यात्रेला आलेले आणि दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथ पाहून जाणारे पाहुणे, लग्नसराई आणि वर्षाची चटणी. कोल्हापुराबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे चटणी म्हणजे तोंडी लावणे नव्हे. वर्षभर प्रत्येक कालवणात पडणारे कांदा-लसणीचे लाल तिखट, त्याला चटणी म्हणतात. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी किंवा जवारी तिखटपणासाठी, मग खोबरे, तीळ, धणे, गरम मसाला हे सगळे वेगवेगळे भाजायचे आणि कांडपावर रांग लावायची. मिरच्या परतताना जो ठसका उठतो त्यात चार मजले खोकतात. हे काम मला मनापासून आवडते, ते सोडावे असे मी कधीच म्हणणार नाही. पण गेल्या वर्षी मी ते दुपारी दोन वाजता, दोन ग्राहकांच्या फोनच्या मधल्या वेळात करत होते, हा शुद्ध मूर्खपणा होता.

ओरडण्याच्या त्या प्रसंगानंतर रात्री सासूबाई गच्चीवर माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांचे माहेर भुदरगड तालुक्यातले, शेतकऱ्याचे घर. उपदेश करण्याची त्यांना सवय नाही, त्यामुळे बोलल्या की ऐकावे लागते. "पोरीवर कशाला ओरडालीस? सकाळपास्नं चुलीफुडं आणि मग त्या यंत्राफुडं, माणूस तापणारच की. आमच्याकडं उन्हाळ्यात दुपारी चूल कोण पेटवत न्हवतं. पाटंच्या भाकऱ्या, कांदा, ताक, आमटी असली तर असली. दुपारी समदी आडवी." मी आयुष्यभर गरम-गरम वाढणे हीच गृहिणीची परीक्षा आहे असे मानत आले आणि इथे माझ्या सासूबाईच सांगत होत्या की त्यांच्या सासूने त्यांना उन्हाळ्यात कधी तसले वाढायला लावले नाही. दुपारचे गरम जेवण ही आपली जुनी परंपरा वगैरे नसून नळ, गॅस आणि ऑफिसची वेळ यांच्याबरोबर शहरात आलेली सवय असावी, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही दिवस फिरवला. पहाटे पावणेपाचला उठून साडेसहापर्यंत सगळा स्वयंपाक, त्यात मुलींनी कणीक मळणे आणि कोशिंबीर चिरणे, नवऱ्याने कुकर आणि डबे. दुपारी शेगडी पेटवायची नाही, चहासाठीसुद्धा नाही. दुपारी दही-भात, सकाळची भाकरी, कैरी-कांद्याची कोशिंबीर, पन्हे. डोके लागणारे काम, म्हणजे आकडे जुळवणे आणि विवरणपत्रे दाखल करणे, सकाळी सात ते अकरा. दुपारी फक्त बिले लावणे, फाइल करणे, असली हातांची कामे, आणि दीड ते तीन घरात कोणी कोणाला हाक मारायची नाही. ग्राहकांना मी सरळ निरोप पाठवला की जूनपर्यंत दुपारी माझा फोन बंद राहील. मला भीती वाटत होती तसे काहीच झाले नाही. एकाने तर कळवले, "आम्ही पण झोपतोच की त्या वेळी." गच्चीला चुन्याचे दोन हात दिले, पाठीमागच्या खिडकीला ओले गोणपाट लावले. रात्री उरलेले काम न करता घरातले सगळे खाली उतरतात, कधी रंकाळ्यावर, कधी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, जिथे म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात. धाकटीच्या ओठांवर फेसाची पांढरी मिशी उमटते आणि ती तशीच घरी आणण्याचा तिचा हट्ट असतो.

सगळे सुरळीत झाले असे मात्र कोणी समजू नये. पहाटे उठायचे म्हणजे रात्री दहाला झोपायला हवे आणि स्लॅब काही दहाला निवत नाही. चुन्याने फरक पडला, पण चमत्कार झाला नाही, म्हणून अनेकदा आम्ही गच्चीवर गाद्या टाकतो आणि दोनदा वळवाने मध्यरात्री गुंडाळायला लावल्या. थोरलीला सुट्टीत पावणेपाचला उठणे हा तिच्यावरचा अत्याचार वाटतो आणि तिचे पूर्णपणे चूक आहे असे मला म्हणवत नाही. शिवाय हे सगळे मला जमले कारण माझे काम माझ्या हातात आहे. आमच्या गल्लीत पोळ्या-भाकऱ्या करायला येणाऱ्या मावशी अकरा ते दोन या वेळेत चार घरांच्या चार तव्यांपुढे उभ्या असतात, कारण त्या चारही घरांना जेवण गरमच हवे असते. मी त्या चार घरांतल्या दोघींना मावशींसाठी पहाटेची वेळ सुचवली. एकीने मान्य केली. दुसरीने "आमच्या ह्यांना गार पोळी चालत नाही" असे सांगितले. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की एखाद्या 'ह्यांना' प्रत्यक्ष विचारून पाहावे असे वाटते.

आमच्याही 'ह्यांची' एक अट उरलीच होती. रविवारचे मटण. तांबडा-पांढरा रस्सा सकाळी सहाला करून दुपारी गार खाणे हे कोल्हापुरी माणसाला सांगणेसुद्धा धाडसाचे आहे आणि मीही त्याबाबतीत काही फार वेगळी नाही. शेवटी असे ठरले की रविवारी दुपारी शेगडी पेटेल, पण तिच्यापुढे ते उभे राहतील. गेल्या रविवारी ते अकराला स्वयंपाकघरात गेले. अळणी, म्हणजे मटण शिजवलेले बिनतिखट पाणी, काढली, खोबऱ्याचे दूध पिळले, मसाला परतला, मधूनमधून मला विचारत राहिले आणि मी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसून उत्तरे देत राहिले. एक वाजता ते बाहेर आले तेव्हा बनियन अंगाला चिकटला होता, चष्म्यावर वाफ होती आणि चेहरा तांबड्या रश्शासारखा झाला होता. थोरलीने काहीतरी विचारले, तर तिच्यावर खेकसले. मग खुर्चीत बसले, तांब्याभर पाणी प्याले आणि खरोखरच आश्चर्य वाटल्यासारखे म्हणाले, "अगं, इथे पंखा का नाही?"

मी सतरा वर्षे हेच विचारत होते, असे मी त्यांना सांगितले. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. सोमवारी सकाळी नऊ वाजता इलेक्ट्रिशियन दारात उभा होता आणि भोकावरचा पुठ्ठा निघाला.