‘रद्दीत गुंडाळून पाठवलं’ या तुमच्या अभिप्रायाबद्दल

नमस्कार ताई,

सहा मगांपैकी दोघांचे कान तुटून आले, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. दोन्ही मग बदलून देतोय, तसा मेसेज तुम्हाला सकाळीच केलाय. एक तारा दिलात, तोही मान्य.

पण ‘पैसे वाचवायला बबल रॅप बंद केला आणि रद्दीत गुंडाळून पाठवलं’ हे मात्र लागलं. तुमच्या फोटोतला तो खाकी कागद रद्दी नाही हो. कोरा क्राफ्ट पेपर आहे, त्याला बारीक चिरा पाडलेल्या असतात. ओढला की मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी उघडते आणि एका वेढ्याची जाळी दुसऱ्यात अडकून बसते, म्हणून टेपही फारशी लागत नाही. आम्हाला तो बबल रॅपपेक्षा महागच पडतो. वर वेळ जातो तो वेगळाच: कागद ताणायचा, तीन वेढे घ्यायचे, कानाच्या पोकळीत कागदाचा बोळा बसवायचा. रात्री जेवणं उरकली की मी आणि बायको हेच करत बसतो. पैसेच वाचवायचे असते तर जुनंच चालू ठेवलं असतं.

आणि हा बदल केला तो गिऱ्हाइकांच्याच सांगण्यावरून. थर्माकोलचे कण घरभर उडतात, एवढं प्लास्टिक टाकायचं कुठे, अशी बोलणी दोन वर्षं खाल्ली. आता कागद आणला तर तो रद्दी! ‘काचसामानाला कुणी कागद वापरतं का’ असंही तुम्ही विचारलंय. खोक्याच्या पुठ्ठ्यात लाटांसारखा दुमडलेला असतो त्या नालीदार कागदाचं पॅकिंगसाठीचं पेटंट 1871 साली घेतलं गेलं, तेच मुळी बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळायला.

असो. तुमचा फोटो मोठा करून पाहिला. कानांजवळ जाळी मिटलेलीच दिसतेय, म्हणजे कागद पुरता ताणला गेला नव्हता. न ताणलेला कागद नुसताच कागद, धक्का झेलत नाही. ती चूक आमचीच. शिवाय हा कागद एकदा दबला की बबल रॅपसारखा परत फुगत नाही, दुसरा दणका थेट वस्तूला बसतो. फक्त एक सांगतो: खोक्याचा खालचा कोपरा ओला दिसतोय. पार्सल शुक्रवारी पोचलं आणि रविवारी उघडलं, हे तुम्हीच लिहिलंय. ओल लागली की पुठ्ठा मऊ पडतो. मधले दोन दिवस खोका कुठे होता, ते मी विचारत नाही.

यापुढे पॅकिंगवर जास्त लक्ष ठेवू, खोकाही जरा जाड घ्यायचं चाललंय. नवीन मग निघाले की कळवतोच. तारे वाढवले नाहीत तरी चालेल, पण जमलं तर तेवढा ‘रद्दी’ हा शब्द काढा.