पालिकेचा पैसा कसा सांभाळावा: होतकरू कारभाऱ्यांसाठी

परवा मालमत्ता कर भरायला गेलो. बिल घरी आलंच नव्हतं, पण म्हणून शास्ती थोडीच थांबते, ती महिन्याला २ टक्क्यांनी लागलेली होतीच. वर्षाचे झाले २४. खिडकीतल्या मॅडमना म्हटलं, अहो बिलच मिळालं नाही तर भरणार कसं? "सिस्टीमने लावलीय, आम्ही नाही." बरं. मग त्याच बिल्डिंगमध्ये वर जाऊन आमच्या गल्लीतल्या गटाराच्या झाकणाचं विचारलं. झाकण नाहीच, तिथे कोणीतरी झाडाची फांदी खोचून तिला लाल फडकं बांधलंय. साहेब म्हणाले, निधी नाही, हेड संपलं, म्हणजे त्या कामासाठी बजेटात ठेवलेली रक्कम संपली. आणि त्याच आठवड्यात पेपरात बातमी, पालिकेच्या ठेवींत घसघशीत वाढ!

तेव्हा पटलं की ही मोठी कला आहे. उद्या तुम्हीही निवडून आलात किंवा लेखा विभागात चिकटलात तर उपयोगी पडेल, म्हणून चार टिप्स.

सुरुवात बजेटपासून. जमेच्या बाजूला सगळी थकबाकी यंदा वसूल होणार असं बिनधास्त धरा, मग खर्चाच्या बाजूला उड्डाणपूल, नाट्यगृह, नदीसुधार काय वाट्टेल ते बसतं. जमा झाली नाही तर सुधारित अंदाजपत्रक असतंच की.

अकरा महिने फाइल फिरवा. बिलं मार्चमध्येच काढा.

आता मुख्य विषय, ठेवी. ठेव ठेवताना आधी पैसा बुडणार नाही हे बघायचं, मग लागेल तेव्हा हातात येईल हे, आणि व्याज सगळ्यात शेवटी. हा क्रम जगभरात पाळतात. तुम्ही उलटा पाठ करा. पाव टक्का जास्त मिळतोय ना, मग द्या. २०२० च्या मार्चमध्ये येस बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, साध्या खातेदाराला ५० हजारांच्या वर काढता येईनात, आणि तेव्हा कळलं की पिंपरी-चिंचवड महापालिकेचे ९०० कोटींहून जास्त त्यात अडकलेत. बँक सावरली म्हणून निभावलं. बँका सावरतातच, नाही का? अमेरिकेतल्या ऑरेंज काउंटीच्या खजिनदाराने तर आणखी हुशारी केली, लोकांच्या पैशावर वर कर्ज काढून व्याजदर चढणार नाहीत असा डाव लावला, १९९४ मध्ये दर चढले आणि दीडशे कोटी डॉलरच्या वर खड्डा पडून काउंटीने दिवाळं जाहीर केलं. त्याआधी वर्षानुवर्षं त्याचं कौतुकच चाललं होतं, कारण व्याज इतरांपेक्षा जास्त यायचं.

एवढं धाडस नसेल तर सोपा मार्ग आहे. योजनेसाठी आलेला पैसा चालू खात्यात तसाच पडू द्या, व्याज शून्य. ठेवीची मुदत संपली की लगेच नूतनीकरण करू नका, कोणाच्या तरी टेबलवर पावती सापडेपर्यंत थांबा. ऑडिटवाल्यांनी आक्षेप काढला तर "अनुपालन सादर करण्यात येत आहे" असं लिहा. दरवर्षी तेच लिहिलं तरी चालतं, मागचं वाचतंय कोण.

आणि कोणी विचारलं की एवढ्या ठेवी आहेत तर झाकण का नाही, तर सांगा की ती रक्कम राखीव आहे. हे पूर्ण खोटं नाहीये बरं का, त्यात कंत्राटदारांच्या अनामत रकमा असतात, कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी असतो, पेन्शनचे पैसे असतात, त्याला हात लावता येत नाही आणि लावूही नये. मुंबई महापालिकेच्या ठेवी एकेकाळी ९० हजार कोटींच्या वर होत्या, त्यातही असा बांधील पैसा होताच. पण मग नेमका किती बांधील आणि किती मोकळा, ते सांगा ना! ते कोणी धड सांगत नाही, कारण ते सांगितलं की "निधी नाही" म्हणता येत नाही. मोठा प्रकल्प आला, ज्यात टक्के सुटतात, की हाच राखीव पैसा कसा काय मोकळा होतो? आणि २०२२ नंतर तर कितीतरी पालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रस्ताव मांडणारं प्रशासन, मंजूर करणाराही प्रशासकच, प्रश्न विचारायला सभागृहात कुत्रंसुद्धा नाही.

नाही, टिप्स द्यायच्या होत्या मला, पण आता डोकं फिरलंय. माझ्याकडून उशिराबद्दल वर्षाला २४ टक्के घेता आणि माझाच पैसा बँकेत सहा-सात टक्क्यांवर लावून ठेवीत वाढ म्हणून पाठ थोपटून घेता? ठेव म्हणजे नफा नाही हो, त्यातली कितीतरी ठेव म्हणजे न केलेली कामं आहेत. पैसा तुमच्या बापजाद्यांचा नाही. कुठल्या बँकेत किती, किती दराने, मुदत कधी संपते, त्यातला बांधील किती, एका पानावर बसतं हे सगळं. दर तिमाहीला टाका वेबसाइटवर. लोकार्पणाचे फोटो टाकायला जमतात, ह्याला काय धाड भरते? आणि आपणही कमाल आहोत, ठेवी वाढल्याची बातमी वाचून पालिका श्रीमंत म्हणून फॉरवर्ड करतो. बजेटवर हरकती-सूचना मागवतात तेव्हा एक ओळ लिहून पाठवत नाही. पाठवा की!