‘मोजता येत नाही’ हे अर्धेच खरे आहे

सांत ऑटोमॅटा म्हणजे मोजक्याच अवस्था असलेले काल्पनिक यंत्र; चिन्हे एकेक करून वाचताना आपण कोणत्या अवस्थेत आहोत, एवढेच त्याच्या लक्षात राहते. त्याविषयीच्या तुमच्या लेखातले ‘सांत ऑटोमॅटाला मोजता येत नाही’ हे वाक्य मला खटकले. हेच वाक्य पाठ करून आलेली मुले मी दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात पाहतो. प्रश्नात ‘संख्या’ शब्द दिसला की ती डोळे मिटून ‘नियमित नाही’ (म्हणजे असे यंत्र हे ओळखू शकत नाही) असे लिहून मोकळी होतात. बायनरी संख्येला ३ ने भाग जातो का, हे ओळखायला फक्त तीन अवस्था लागतात: बाकी ०, १ आणि २. नवा अंक आला की जुन्या बाकीची दुप्पट करायची, त्यात तो अंक मिळवायचा आणि पुन्हा ३ ने भागून उरेल ती बाकी घ्यायची. ११० घ्या: बाकी १, मग ०, मग ०. म्हणजे ६ ला भाग जातो. हे मोजणेच झाले ना?

याहून सुंदर उदाहरण म्हणजे ० आणि १ या चिन्हांच्या ज्या ओळीत ‘०१’ आणि ‘१०’ हे तुकडे सारख्याच वेळा येतात तिचे. इथे दोन मोजण्यांची बरोबरी करायची आहे, तरीही ही भाषा (म्हणजे अशा सगळ्या ओळींचा संच) नियमित आहे! दोन ‘०१’च्या मध्ये एक ‘१०’ यावाच लागतो, म्हणून फरक कधी एकापलीकडे जात नाही. पहिले आणि शेवटचे चिन्ह एकच आहे का, एवढेच पाहायचे. पाच अवस्थांत काम होते. अडचण येते ती लक्षात ठेवायचा फरक अमर्याद वाढतो तेव्हा, जसे आधी कितीही शून्ये आणि मागून नेमके तितकेच ‘१’. लेखात ‘अमर्याद’ हा एक शब्द तरी कृपया घाला.