मावशींचा क्यूआर कोड राहू द्या

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहून टाकते, म्हणजे सुटेन.

मंडईत मेथी घ्यायला गेले होते. पाच-सहा पोरांचा घोळका, दोघांच्या गळ्यात जुने यशिकाचे फिल्म कॅमेरे. बघून आधी किती बरं वाटलं! तेवढ्यात त्यातली एक भाजीवाल्या मावशींना म्हणाली, "मावशी, तो क्यूआर कोड जरा मागे ठेवता का? आणि ते निळं क्रेट पण. जुना फील येत नाहीये." मावशींनी गिऱ्हाईक थांबवून सगळं हलवलं. गिऱ्हाईक निघून गेलं.

जुना फील! अगं, मागे 1886 सालची दगडी इमारत उभी आहे, अजून किती जुनं पाहिजे? मावशी आजच्या आहेत. त्यांना आजचं राहू द्या की.

आमच्याकडे एक फोटो आहे. 1984 साल, हीच मंडई, बाबांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा. एका रोलमध्ये बारा फोटो, पाठीमागच्या लाल खिडकीत आकडा बघून रोल फिरवायचा. हा बारावा. आजी वांगी निवडतेय आणि तिच्यापुढे भाजीवालीचा चिल्लर ठेवायचा डालडाचा डबा, एका बाजूने चेपलेला. रोल धुऊन आल्यावर आत्या केवढी चिडली होती, "आईच्या फोटोत तो कळकट डबा कशाला रे?" बाबा म्हणाले, रोल संपला होता, दुसरा कुठून काढू?

आज तो फोटो कुणीही हातात घेतला की पहिलं बोट डब्यावर जातं. फोटो ब्लॅक अँड व्हाइट, पण आत्याला डबा पिवळाच दिसतो. मग गॅलरीतली डालडाच्या डब्यातली तुळस निघते, मग आजी निघते. रोज नवी आजी.

फिल्मवर फोटो काढणाऱ्यांनो, तुम्हाला हे सांगायला नको. रस्त्यावर जे आहे ते घ्यायचं, म्हणून तर आपण फिल्म घालतो ना? हो, मीही कधी पायातली पिशवी सरकवली आहे. स्कॅन केल्यावर फिल्मवरचंही खोडता येतं, तेही माहितीये. तरी मावशींचं दुकान हलवायचं नाही म्हणजे नाही!

त्या पोरीचा आता तेवढा राग नाही. रोल केवढ्याला झालाय, छत्तीस फोटो ती जपूनच काढत असणार. फोकस लावताना श्वास धरून उभी होती. चांगली काढेल पुढे. पण आत्यासारखंच तिला आज तो डबा कळकट दिसतोय.

पोरं गेल्यावर मावशींनी क्यूआर कोड पदराने पुसला आणि जागेवर ठेवला. माझ्या पेंटॅक्समध्ये चार फोटो उरले होते. विचारून एक काढला.

"दाखव बघू."

"रोल आहे मावशी, धुवायला टाकावा लागतो."

"मग छापून आण. आणि हे आलंय ना त्यात?" त्यांनी कोडवर बोट ठेवलं. "पोरानं लावून दिलंय."




आलंय, मावशी. पुढच्या रविवारी आणते.