खुलासा: वेग कमी म्हणून हार्ड डिस्क नकली ठरत नाही
"खोक्यावर ६ गिगाबिट लिहिलंय, कॉपी मात्र सेकंदाला १६० मेगाबाइटनेच होते, म्हणजे डिस्क डुप्लिकेट" असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. सेकंदाला ६ गिगाबिट ही साटा जोडणीची, म्हणजे डिस्क कॉम्प्युटरला जोडणाऱ्या मार्गाची, कमाल मर्यादा. दर ८ बिटांसाठी, म्हणजे एका बाइटसाठी, १० बिट पाठवावे लागतात, म्हणून तीही सेकंदाला ६०० मेगाबाइटच. खरा वेग ठरवते फिरती तबकडी. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते, आणि तेवढ्या वेळात हेडखालून (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखालून) एकाच ट्रॅकचा, म्हणजे तबकडीवरच्या एका वर्तुळाचा, डेटा जातो. बाहेरच्या ट्रॅकवर तो जास्त मावतो, अगदी आतल्यावर जवळपास निम्मा. डिस्क साधारणपणे बाहेरून आत भरते, म्हणून ती भरत गेली की वेग उतरतो. हजारो लहान फोटो कॉपी करताना तर हेडचा बराच वेळ जागा शोधण्यातच जातो. एवढ्यावरून चांगली डिस्क कृपया परत करू नका.