अडचण आवाजाची नव्हे, मजकुराची

वरिष्ठ अधिकाऱ्यांनी कर्मचाऱ्यांसमोर कसे बोलावे यावरच्या एका लेखात त्यांना आवाज, देहबोली आणि व्यासपीठावरचा वावर यांचे प्रशिक्षण द्यावे, असे सुचवले आहे. त्याची उपयुक्तता मान्य करूनही मला वाटते की खरी अडचण त्याआधीच, म्हणजे मजकुरात असते. अशा अधिकाऱ्यांच्या भाषणांचे मसुदे तपासण्याचे काम मी करते. एका मसुद्यात ‘मनुष्यबळाची फेररचना करण्यात येत आहे’ असे वाक्य होते. कोणाची, कधी आणि कोणाच्या निर्णयाने, असे विचारत गेल्यावर तासाभराने त्याचे ‘दोन विभाग जूनमध्ये बंद होतील, हा निर्णय माझा आहे’ असे झाले. ते मोठ्याने वाचताना त्या अधिकाऱ्यांचा आवाज आपोआप संथ झाला. कर्मणी प्रयोगाआड कर्ता लपला की ऐकणाऱ्यांना ते लगेच कळते. अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे आपल्या कंपनीच्या भागधारकांना वार्षिक पत्र लिहिताना आपल्या बहिणी, डोरिस आणि बर्टी, ते वाचणार आहेत असे डोळ्यांसमोर ठेवत, ही युक्ती, म्हणजे जवळच्या माणसाला सांगावे तसे लिहिणे, मी प्रत्येकाला सुचवते. विश्वासाबाबत मात्र लेखाशी मी पूर्ण सहमत आहे: ‘हे अजून ठरलेले नाही, शुक्रवारी सांगतो’ असे म्हणावे, आणि शुक्रवारी काहीच ठरले नसले तरी तेवढे सांगायला यावे.